आप्पा, चौथा दिवस माझा होता

आप्पा, गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, भाषणं झाली, पंगती उठल्या. तुम्ही किती शांत, किती सोशिक, कधी कुणाला उलटून बोलला नाहीत, असं एकामागून एक माणसं सांगत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे कुणाबद्दल बोलतायत? माझ्याशी तर तुमचा आवाज रोज चढायचा. भाजीतलं मीठ, रेडिओ, प्रज्ञाची वेणी, काही म्हणून तुम्ही सोडलं नाहीत. मीही सोडलं नाही. सून होऊन या घरात आले तेव्हापासून आपण भांडतोय, आणि शेवटचं भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. ते मी आज पुरं करणार आहे. तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, तेवढा माझा फायदा.

पण त्याआधी मोठ्या भाऊजींचं सांगते. तुमचे थोरले चिरंजीव कार्यक्रमाला कल्याणहून आले होते. जेवणं झाल्यावर ते प्रज्ञाला मांडीवर घेऊन बसले. पाच वर्षांची पोर, तिने विचारलं, "आजोबा कशाने गेले?" भाऊजी खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "पाण्यात गेले ना बेटा तुझ्याबरोबर, त्याने गेले. ह्या वयात पाण्यात खेळतं का कोणी?" असं म्हणून माझ्याकडे बघितलं. खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती. तुमचा धाकटा विलास सतरंजीकडे बघत बसला. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी खाली ठेवला आणि आत गेले. तिथे तमाशा केला असता तर तुमच्याच कार्यक्रमाचं हसं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञाने आंघोळ करायला नकार दिला. बादली दिसली की रडायला सुरुवात. "पाणी नको, मी मरेन." ओल्या फडक्याने अंग पुसायला गेले तर तेही ढकलून दिलं. आठवडाभर हेच. आप्पा, मला तुमच्या जाण्याचं दुःख आहेच, रोज दुपारी चहाला दोन कप काढते आणि एक परत ठेवते. पण भाऊजींनी माझ्या पोरीच्या डोक्यात हे जे घातलं, त्याचा संताप त्या दुःखाहून मोठा आहे. डॉक्टरांनी विलासला स्वच्छ सांगितलं होतं की हृदय आधीपासूनच थकलेलं होतं, छाती जुनी खराब, पाण्याचा काडीचा संबंध नाही. भाईंदरच्या त्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात तुम्ही उभी हयात बफच्या चाकासमोर उभे राहिलात. ताटं, वाट्या, पेले चकचकीत करून जगाला दिलेत आणि धूळ स्वतः घेतलीत. तुमच्या रुमालांवर काळं उमटायचं, ते रुमाल मी धुतलेत, भाऊजींनी नाही. तेव्हा कुणी म्हणालं नाही की या वयात धूळ खातं का कोणी. दोन दिवस स्वच्छ पाणी अंगाला लागलं, ते मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं.

आता आपलं भांडण.

विलासच्या कंपनीने यंदा बोनसच्या जागी पास वाटले. उत्तनच्या पुढे खाडीच्या बाजूला ती दोन पार्कं एकमेकांना खेटून उभी आहेत, एक पाळण्यांचं जुनं आणि एक पाण्याचं, नुकतंच उघडलेलं. आपल्या घरात त्यांची नावं कोरडं आणि ओलं अशी पडली. एक पास म्हणजे घरच्यांसाठी एक दिवस, तोही दोहोंपैकी एकाच ठिकाणी. असे चार पास. विलासला मे महिन्यात सुट्टी मिळणार नव्हती, म्हणजे जाणार तुम्ही, मी आणि प्रज्ञा. मी चपात्या लाटता लाटता सरळ वाटणी करून टाकली, दोन कोरडे, दोन ओले.

"एक कोरडा, तीन ओले," तुम्ही पाटावरून म्हणालात.

"का म्हणून?"

"पोरीला पाणी आवडतंय."

"डोक्यावरून तांब्या ओतला की अख्खी चाळ गोळा करते ती!"

"ते आंघोळीचं. हे खेळायचं. फरक हाय."

"आप्पा, सुट्टी पोरीची आहे की तुमची?"

"दोघांची. तिची शाळेची, माझी कारखान्याची. माझी लई साठून राहिलीय."

मी चपाती तव्यावर आपटली. तुम्ही जिंकल्यासारखे मिशीत हसलात.

पहिला दिवस कोरड्याचा, हे तरी तुम्ही मान्य केलंत. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेकडून उत्तनची बस, मग टमटम. पण तिथे प्रत्येक पाळण्यापाशी उंचीची पट्टी. प्रज्ञा पट्टीच्या खाली. एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी नाही, मोठे म्हणावेत अशा सगळ्याच पाळण्यांपाशी. तुम्ही तिच्या दोन वेण्या सोडून डोक्यावर उभा अंबाडा बांधलात, वर माझी रिबिन गुंडाळलीत. पट्टीपाशी उभ्या असलेल्या पोराने एका बोटाने अंबाडा दाबला आणि म्हणाला, "अंकल, बाल का हाइट नहीं चलता." मग तुम्ही त्याच्याशी वाद घातलात. "आत बसून जायचं हाय ना? मग बसवून मोज की!" मागे रांग खोळंबली, लोक हसायला लागले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी प्रज्ञाने दिवसभर छोट्या आगगाडीतच फेऱ्या मारल्या, आणि ती खूश होती, आप्पा. परतताना बसमध्ये झोपेतही कूकू करत होती. म्हणून मी म्हणत होते की तिला आणखी एक कोरडा दिवस द्या. तुम्ही म्हणत होतात की ज्या ठिकाणी पोरीला पट्टी लावून बाहेर काढतात तिथे परत पाय ठेवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ओलं. बसमध्ये शेजारी उत्तनची एक मावशी मासळीची रिकामी पाटी घेऊन बसली होती. कुठे चाललात म्हणून तिने विचारलं, प्रज्ञाने सांगितलं. मावशी खो खो हसली. "पान्यात जायला पास लागतो? आमचा दर्या हाय ना, फुकट!" तुम्ही शांतपणे विचारलंत, "मावशी, तुमचा दर्या संध्याकाळी शिट्टी मारून माणसाला बाहेर काढतो का?" ती म्हणाली, "न्हाय बा, तो कोनाला न्हाय सांगत." "मग मला तिथलंच बरं," तुम्ही म्हणालात. बाहेर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि तुम्ही खिडकीतून मान बाहेर काढून बसला होतात, प्रज्ञापेक्षा जास्त उतावीळ.

फाटकाच्या आत खरी पंचाईत झाली. धोतर, पायजमा, लेंगा, काहीही घालून पाण्यात उतरू देत नव्हते. तिथली नायलॉनची अर्धी चड्डी भाड्याने घ्यायची. आप्पा, तुम्ही असे सासरे की स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याआधी खाकरायचात, मी केस विंचरत असले तर पाठ फिरवून पाणी मागायचात. तुमचं पाऊल सोडलं तर तुमचा पाय मी कधी बघितला नव्हता. तुम्ही ती निळी चड्डी हातात धरून उभे राहिलात. मला वाटलं, आता परत फिरतील, आणि खरं सांगते, तुम्ही फिरू नये असं मला वाटलं. मग तुम्ही घसा साफ करून म्हणालात, "रंजना, तू तिकडं तोंड करून बस."

बसले. पिशव्या मांडीवर, तोंड भिंतीकडे, पाठ पाण्याकडे. अख्खा दिवस! लोकांना वाटलं असेल, बाईचं काहीतरी बिनसलंय. पाण्यात काय चाललंय ते मला फक्त प्रज्ञाच्या तोंडून कळत होतं. "आई, आजोबा उतरले." "आई, आजोबांनी दांडा पकडला." "आई, आजोबा दांडा सोडत नाहीत." मग बराच वेळ काही नाही. मग, "आई, आजोबा बुडाले!" मी ताडकन उठले आणि तेवढ्यात आठवलं की वळायचं नाहीये. तशीच भिंतीकडे तोंड करून ओरडले, "आप्पा!" मागून तुमचा आवाज आला, "हाय मी! वळू नको!" माझ्या शेजारी बसलेली गुजराती बाई हसून हसून बेजार झाली.

घरी येताना प्रज्ञा माझ्या मांडीवर झोपली आणि तुम्ही आपणहून बोललात. तुमच्या तोंडून गावाकडचं फार कधी निघायचं नाही. उन्हाळ्यात गावची पोरं विहिरीत उड्या मारायची, तुम्ही सांगितलंत. पाठीला भोपळा बांधून बारकी पोरंसुद्धा शिकायची. "आमच्या वस्तीतला एकबी पोहणारा नव्हता. शिकणार कुठं? विहीर त्यांची. आम्ही लांब बांधावर बसून नुसता धपकन आवाज ऐकायचो." एवढंच बोललात आणि खिडकीकडे तोंड केलंत. तुमचे केस अजून ओले होते. मला तुमचा अभिमान वाटला आणि गावाचा राग आला, दोन्ही एकदम, आणि ते तेव्हाच बोलून दाखवायला हवं होतं असं काही मला वाटत नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. घर आल्यावर तुम्ही म्हणालात, "तिसरा बी ओला," आणि मी म्हटलं, "बरं. पण चौथा कोरडा." तुम्ही हूं केलंत. हूं म्हणजे होकार नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी मी पिशव्या ठेवल्या आणि भिंतीकडे वळून बसणार, तर तुम्हीच म्हणालात, "राहू दे आता. सगळ्या जगानं बघितलं, तू कशाला मान दुखवून घेती?" म्हणून मी बघितलं. तुमचे पाय काड्यांसारखे बारीक, दंड मात्र बफवाल्याचे, गोटीबंद. तिथला पहारेकरी, तो शिट्टी गळ्यात घातलेला उत्तर प्रदेशचा पोरगा, त्याला तुमचा नाद लागला होता. "अंकल, सिर पीछे. पेट ऊपर. डरना नहीं, मैं हूँ." तुम्ही डोकं मागे टाकायचात आणि पुन्हा पुन्हा उभे राहायचात. प्रज्ञा शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उड्या मारत ओरडत होती, "आजोबा, पोट वर!" शेवटी एकदा तुम्ही आडवे झालात ते झालातच. पाय वर आले. मिशी पाण्यावर, डोळे मिटलेले. कोणी धरलेलं नव्हतं. मला वाटलं किती वेळ गेला, पण फार वेळ नसेल गेला. उठल्यावर तुम्ही कानातलं पाणी झटकलंत आणि सगळ्यात आधी माझ्याकडे बघितलंत, मी बघितलं की नाही ते बघायला. मी टाळ्या वाजवल्या. चारचौघात सासऱ्यासाठी टाळ्या वाजवणारी सून, मला काही लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

त्या रात्रीपासून चौथ्या दिवसाचं सुरू झालं. तुम्ही म्हणालात, आता अंग सरळ झालंय, एक दिवस मिळाला तर हात मारायला शिकेन. मी म्हटलं, आप्पा, पोरीला आगगाडी हवीय, तिची सुट्टी आहे, ठरलं होतं. तुम्ही म्हणालात, कुणाचं ठरलं होतं, मी हूं केलं होतं. मी म्हटलं, सगळं तुमच्याच मनासारखं कसं व्हायचं? आपण दोघे दोन-तीन दिवस एकमेकांशी प्रज्ञामार्फत बोललो. "प्रज्ञा, आईला म्हणावं चहा." "प्रज्ञा, आजोबांना म्हणावं ठेवलाय." पास फ्रिजवर लोहचुंबकाखाली अडकवलेला होता आणि येता-जाता तुम्ही त्याच्याकडे बघायचात. तुम्हाला तेव्हा थोडा खोकला झाला होता, तुमचा नेहमीचाच खोकला, पण माणसांनी तेवढाच लक्षात ठेवला. मग एका दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात आणि चहाला उठला नाहीत.

लोक मला विचारतात, रंजना, तुला वाईट नाही वाटत, शेवटी शेवटी सासऱ्यांशी अबोला होता? नाही वाटत. अबोला नव्हता तो, भांडण होतं, आणि ज्याच्याशी भांडता येतं तोच माणूस घरचा असतो. मी आजही म्हणते की चौथा दिवस कोरड्याचाच होता. न्याय माझ्या बाजूला होता. तुम्ही जिवंत असतात तर मी पास तुमच्या हाती लागू दिला नसता.

पण तुम्ही नाही आहात आणि माझी पोर आठवडाभर बादलीला घाबरतेय. काल सकाळी मी फ्रिजवरचा पास काढला. विलास म्हणाला, "अगं, अजून माणसं भेटायला येतायत. लोक काय म्हणतील?"

"आलेल्यांना चहा कर."

"आपल्यात कोणी गेल्यावर लगेच असं..."

"सुतक मानायचं नाही हे आप्पांनीच सगळ्यांना शिकवलंय. तू त्यांचाच ना?"

मग त्याने आत जाऊन प्रज्ञाची टोपी शोधून आणली आणि तिच्या डोक्यावर घातली. तुमचा धाकटा बोलत नाही, पण वाईट नाही तो.

प्रज्ञा बसमध्ये बरी होती. तिला वाटत होतं आगगाडी. दोन्ही फाटकं शेजारी शेजारी, मी ओल्याकडे वळले तशी तिने जमिनीवर बसकण मारली. मी तिला उचलून आत नेलं. माझ्या मनात आलं, सरळ कोरड्यात जावं, पोर आनंदात राहील, माझंही म्हणणं खरं होईल. पण मग ती मोठी झाल्यावर सांगणार, माझे आजोबा पाण्याने मेले. तुमच्या आयुष्यातली ती दोन दिवसांची मौज भाऊजींनी तुमचं मरण करून ठेवली आहे आणि माझी पोर ते जन्मभर खरं धरणार. हे मी चालू देणार नाही.

मी भाड्याचे कपडे घेतले, नायलॉनची गुडघ्यापर्यंतची पॅन्ट आणि वर ढगळ सदरा. लग्नानंतर माझे गुडघे उन्हात आले ते कालच. प्रज्ञाला काठावर बसवलं आणि एकटी पाण्यात उतरले. मला काय पोहता येतंय? पाणी कमरेला लागलं तेव्हा माझेच दात वाजत होते. तिच्या समोर उभी राहिले, नाक दाबलं आणि डोक्यासकट खाली बसले. वर आले, खोकले, ओले केस सगळे तोंडावर.

"आहे का मी?" मी विचारलं.

ती डोळे फाडून बघत होती. "आहेस."

पुन्हा खाली. नाकातोंडात पाणी गेलं, डोळे चुरचुरले. वर आले. "आहे?"

"आहेस."

असं किती वेळा केलं, मोजलं नाही. मी तिला सांगितलं, "पाण्याने कोणी मरत नाही असं मी म्हणत नाही, बाळा. पण आजोबा पाण्याने नाही मेले. त्यांचं हृदय दमलं होतं. पाण्यात ते खूश होते. तू स्वतः बघितलंयस ना?" तिने मान हलवली. मग हळूच एक पाय पाण्यात घातला आणि काढला. परत घातला. तो शिट्टीवाला पोरगा जवळ आला, ओळखलं त्याने. "अंकल नहीं आए?" मी सांगितलं. त्याने टोपी काढून हातात धरली आणि प्रज्ञाच्या शेजारी काठावर बसून राहिला. थोड्या वेळाने ती आपणहून माझ्या गळ्याला लटकली, आणि मग गळाही सोडला.

दुपारी तिच्याएवढा एक मुलगा दांड्याला चिकटून रडत होता. त्याची आई समजावत होती. प्रज्ञा त्याच्याजवळ गेली आणि आपल्या मोडक्या हिंदीत, पण अगदी ठणकावून म्हणाली, "डरने का नहीं. मेरे आजोबा को तैरना आता था."

त्या बाईने माझ्याकडे बघितलं. खरं का, असं तिच्या चेहऱ्यावर. आप्पा, तुम्हाला पोहता येत नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यात तुम्ही एकदा उताणे तरंगलात, आणि हात मारायला शिकायचं राहिलं ते राहिलंच. हे मला ठाऊक आहे, शिट्टीवाल्याला ठाऊक आहे.

"हाँ," मी म्हणाले. "आता था."

शिट्टीवाल्यानेही मान हलवली. उद्या भाऊजी येतायत. मी त्यांच्याशी काही बोलणार नाही, प्रज्ञालाच सांगू देणार आहे.